कडुनिंबाखालची चढाई

जयवंताबाई काळमेघ चालत्या रिक्षातून उतरत असत. देवाजीच्या सायकलरिक्षाचा वेग कमी व्हायच्या आत बाई रस्त्यावर, आणि रिक्षा आपली चार हात पुढे. आमच्या प्रताप नगरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे बाईंसाठी ब्रेक मारायची वेळ देवाजीवर कधी आली नव्हती. १९७८च्या तान्ह्या पोळ्याला मात्र गल्लीभर पोरं आपापले लाकडी बैल ओढत निघाली होती. त्यातला एक चाकांचा बैल दोरी सुटून रिक्षासमोर आला आणि देवाजीनं ब्रेक मारला. बाईंनी उडी मारताना हिशेब चालत्या रिक्षाचा केला होता. उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड मोडलं. बैलाचं एक शिंग गेलं.

आमची आणि त्यांची भिंत एकच, आणि सकाळची शाळाही एकच. त्या मुलींच्या व्यायामशिक्षिका, मी हेडक्लार्क. त्यामुळे दोन्हीकडचं मला दिसतं.

प्लॅस्टर घातल्यावर पहिल्या आठवड्यात एकोणचाळीस माणसं भेटायला आली. पैकी सव्वीस जणांनी "आता जपा" म्हटलं, नऊ जणांनी आपापल्या मोडलेल्या हाडांची हकीकत सांगितली, तिघांनी "वय झालं" हे शब्द बाईंच्या तोंडावर वापरले (बाई सेहेचाळीसच्या), आणि एक जण खरं म्हणजे आमच्याकडे आला होता, चुकून त्यांच्या घरात शिरला. केळी सात डझन जमली. ती वामनरावांनी खाल्ली. वामनराव म्हणजे बाईंचे यजमान, डाकघरात नोकरीला. स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून झोपणारा माणूस. बायकोचं हाड मोडल्यापासून त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली होती.

चाळिसावे आले ते आमच्या शाळेचे सेक्रेटरी, गोपाळराव. इतवारीत धान्याची आडत, मूळचे रामटेकचे. मनानं चांगला माणूस. त्यांच्या चांगुलपणाची मला नेहमीच भीती वाटत आली आहे, कारण तो एकदा सुरू झाला की थांबत नाही.

"बाई, तुम्ही अजिबात काळजी करू नका," गोपाळराव म्हणाले. "मैदान सोडा आता. तुमच्यासाठी ग्रंथालय ठेवलं आहे मी. खुर्ची, टेबल, पंखा. पगार तोच."

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. दोन कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली हरवून सहा वर्षं झालेली.

"अन् माह्या पोरी?" बाई म्हणाल्या. "जानेवारीत जिल्ह्याच्या मॅची आहेत."

"पोरींचं पाहील कोणीतरी. अहो, आम्हीही खेळलो आहोत. रामटेकले आमच्या आखाड्याची कबड्डी अशी होती की..." गोपाळराव प्रत्येक भाषणात हे सांगत, आणि त्यांच्या पोटाकडे पाहून कोणाचा विश्वास बसत नसे. "तेव्हा खेळाडूचं दुःख मी जाणतो. पण शरीर आहे."

"गोपाळराव, मी माह्या पायानं चालत आली तर?"

सेक्रेटरी अडचणीत आले. चांगल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. म्हणाले, "डिसेंबरात शेवटच्या बुधवारी कमिटी बसते. कडुनिंबाखाली आमचं टेबल असतं. शाळेच्या फाटकापासून या, टेबलाला हात लावा आणि फाटकापर्यंत परत जा. काठी नाही, कोणाचा हात नाही. आलात तर मैदान तुमचं. नाही तर खुर्ची."

"लिहून घ्या," बाई मला म्हणाल्या. मी लिहून घेतलं.

गोपाळराव गेल्यावर बाई छताकडे पाहत पडल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, खुर्चीत एकदा बसलं ना, मंग 'उठ' म्हणासाठी कोणी येत नाही."

तेवढ्यात सावनेरहून वामनरावांची थोरली बहीण इंदूबाई आली. चार दिवसांसाठी आली आणि डबे कुठे ठेवायचे ते बदलून टाकलं. इंदूबाईचा लौकिक असा की सावनेरला कापूस मोजताना ती काट्याजवळ उभी राहिली, तर व्यापारी आपला अंगठा आपल्याच खिशात ठेवत. नवऱ्यालाही सवलत नाही. तिनं वहिनीच्या पायाचं निदान दारातच केलं: "पोरीच्या जातीनं लहानपणी उड्या मारल्या का हाडं उसवते. आता पडून राहाजो वहिनी. हलाचं नाही."

दहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. आतून जो पाय निघाला तो बाईंचा वाटत नव्हता. बारीक, पांढुरका, गुडघा ताठ. डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोन वेळा दहा-दहादा गुडघा वाकवा, काठी घेऊन चाला, खाली जमिनीवर इतक्यात बसू नका. पहिल्या दिवशी बाईंनी गुडघा चारदा वाकवला आणि घाम पुसला. दुसऱ्या दिवशी तीनदा. तिसऱ्या दिवशी इंदूबाई म्हणाली, "कायले जिवाले त्रास देते," आणि त्यांनी एकदाही वाकवला नाही. मी भिंतीपलीकडून मोजत होतो. आकडा उलटा चालला होता.

चौथ्या दिवशी दुपारी दोन बायका आल्या. एक कॉटन मार्केटजवळ संत्री विकणारी रुखमाबाई, डोक्यावर टोपली तशीच. दुसरी धरमपेठेतल्या वकिलाची बायको प्रेमिला, काळा चष्मा, हातात पर्स. या दोघी एका रिक्षातून उतरलेल्या पाहून अर्धी गल्ली दारात आली. वीस वर्षांपूर्वी महाल भागातल्या रणचंडी क्रीडा मंडळाची कबड्डीची टीम होती. जयवंता तिची कॅप्टन, चढाई करणारी. रुखमा डावा कोपरा सांभाळायची, घोटा एकदा धरला की सोडत नसे. प्रेमिला उजवा कोपरा. ती पकडीपेक्षा भांडणात जास्त गुण मिळवून द्यायची.

"काहून वं जयवंते," रुखमा टोपली खाली ठेवत म्हणाली, "मार्केटात ऐकलं का तू लायब्ररी होऊन राहिली म्हणून."

"बाद झाली मी, रुखमे."

"मंग? बाद झालं का काय करते? रेषेबाहेर बसते. आपल्यातल्या कोणी समोरचा गडी मारला का उठते. घरी जाते का?"

"तुम्ही मारा मंग एखादा गडी," जयवंताबाई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या.

दोघींनी इकडेतिकडे पाहिलं. समोरचा गडी दारातच उभा होता, कमरेला पदर खोचून.

"वहिनीले उठवाचं नाही," इंदूबाई म्हणाली. "मी सांगून ठेवते."

प्रेमिलानं वकिली सुरू केली: डॉक्टर काय म्हणाले, कागद दाखवा, त्यात 'पडून राहा' कुठे लिहिलं आहे. इंदूबाईवर काडीचा परिणाम झाला नाही. रुखमानं मात्र टोपलीतलं एक संत्रं सोलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बाई, आमाले एक पंच पाहिजे होता. ही प्रेमिला लबाड आहे, मी तिच्याहून लबाड. कोणी खरं बोलणारं भेटून नाही राहिलं."

इंदूबाई संत्र्याची फोड खाता खाता थांबली. "काय पाहाचं असते पंचानं?"

"पाय रेषेले लागला का नाही. दम तुटला का नाही."

"दम म्हणजे?"

"कबड्डी कबड्डी म्हणत एका श्वासात जाऊन याचं. मधात श्वास घेतला का बाद."

"एवढंच?" इंदूबाई म्हणाली. "ते तं मी डोळे मिटून सांगन."

पहिला गडी पडला.

त्या दिवसापासून दुपारी दोन ते तीन काळमेघांच्या ओसरीवर सामना होऊ लागला. रांगोळीनं मधोमध रेषा. एका बाजूला खुर्चीवर जयवंताबाई, समोर पाटावर रुखमा आणि प्रेमिला. गुडघा वाकवून, पाय पुढे सरकवून रुखमाला पायानं शिवलं की एक गुण. रुखमानं घोटा धरला आणि बाईंना तो रेषेपर्यंत ओढून आणता आला नाही, तर गुण त्यांचा. दहादा गुडघा वाकवायला रडणारी बाई पहिल्याच दुपारी एकतीसदा वाकली. सोळा-पंधरा. हरल्या, आणि तावातावानं उद्या या म्हणाल्या.

"सोड वं घोटा, भवाने!"

"कायले सोडू? अमरावतीच्या फायनलले नाही सोडला, आता सोडू?"

"नाही लागला पाय रेषेले!" प्रेमिला ओरडे.

"लागला," इंदूबाई म्हणे. "बोटभर आत आहे. वकीलीनबाई, चष्मा काढून पाहत जा."

तिसऱ्या आठवड्यात खुर्ची गेली, काठी आली. चौथ्यात काठी गेली. जखमींची यादी या काळात अशी: प्रेमिलाची कंबर धरली, रुखमाचा अंगठा मुरगळला, चोरून झरोक्यातून पाहताना वामनराव स्टुलावरून पडले आणि दोन दिवस रजेवर राहिले. सुधारणा फक्त पेशंटमध्ये होती.

अडलं ते एका जागी. सरळ रेषेत बाई चालत. पण भिंतीपाशी पोचून वळायला लागल्या की उजवा गुडघा भार घेत नसे आणि त्या झोकांडत. एकदा पडल्याच; दोघींनी उचलून खाटेवर ठेवलं. तोंड भिंतीकडे करून तिथेच बसून राहिल्या.

"मले जमून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "पाचच दिवस राहिले. वळताच येत नाही तं परत कशी येऊ?"

इंदूबाईनं रांगोळीची पुसलेली रेषा पुन्हा ओढली, नुसतंच काहीतरी करायचं म्हणून.

रुखमा अंगठा चोळत म्हणाली, "तू वळत कधी होती वं?"

"काय?"

"चढाईवर जाऊन परत येताना तू पाठ फिरवली कधी? पाठ फिरवली असती तं पहिल्याच मॅचीत आम्ही तुले खांद्यावर घरी नेली असती. समोर पाहत, मागं मागं येत होती ना? मंग आता कायले वळते?"

जयवंताबाईंनी भिंतीवरून मान इकडे वळवली. मग उठून ओसरीच्या टोकापर्यंत गेल्या आणि तोंड तिकडेच ठेवून, गुडघे किंचित वाकवून, हात पसरून, सरसर मागे आल्या. मागे येताना त्या लंगडत नव्हत्या.

"रेषेले पाय लागला," इंदूबाई म्हणाली, आणि घरात जाऊन तिनं सगळ्यांसाठी चहा ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

डिसेंबरचा शेवटचा बुधवार. कडुनिंबाखाली टेबल, टेबलामागे मधोमध गोपाळराव, डावीकडे खजिनदार नत्थूजी, ज्यांना ऐकू कमी येई आणि मत जास्त असे. कोपऱ्यात मी, इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन. मधली सुट्टी असल्यामुळे प्रत्येक खिडकीत पोरींची डोकी. फाटकाशी इंदूबाईनं चुन्याची रेषा ओढून ठेवली होती, ती कोणाला विचारून ते मला माहीत नाही. तिच्या गळ्यात बाईंचीच शिट्टी, शेजारी रुखमा आणि प्रेमिला.

जयवंताबाईंनी पदर खोचला, रेषेला वाकून हात लावला, तो कपाळाला लावला आणि निघाल्या. दहाएक पावलांवर मला ऐकू आलं. ओठातल्या ओठात, पण एकसारखं: कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

खिडक्यांनी ते ओळखलं आणि सगळी शाळा एकदम गप्प झाली. अशी गप्प मी बोर्डाच्या निकालालाही पाहिली नव्हती.

ठरलं होतं टेबलाला हात लावायचं. बाई टेबलापाशी आल्या. टेबलावर गोपाळरावांचा हात होता, सोन्याच्या घड्याळासकट. बाईंनी टेबल सोडलं आणि त्या हाताला चापट मारून मागे सुटल्या. नंतर मी विचारलं, असं का केलं. म्हणाल्या, "भाऊ, टेबल काय गडी आहे का?"

गोपाळरावांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणूनच लिहितो. त्यांचा चेहरा आधी सेक्रेटरीचा होता. चापट बसल्यावर अर्ध्या क्षणात तो रामटेकच्या आखाड्यातला झाला. खुर्ची उलटली, दौत आडवी झाली, आणि साठ वर्षांचा माणूस धोतराचा सोगा एका हातात धरून टेबलाला वळसा घालून बाईंच्या मागे, म्हणजे बाईंच्या समोर, धावत सुटला. बाई तोंड त्यांच्याकडे ठेवून मागे मागे. गोपाळराव झुकून हात लांबवताहेत, बाई कंबरेत वाकून निसटताहेत. आखाड्याबद्दल ते खरं बोलत होते हे एकवीस वर्षांच्या नोकरीत मला त्या दिवशी कळलं. त्यांची बोटं पदराच्या टोकापासून वीतभर असताना बाईंची टाच चुन्यावर पडली.

खिडक्या फुटतात की काय असा आवाज झाला.

"दम तुटला!" गोपाळराव रेषेवर धापा टाकत ओरडले. "कडुनिंबापासून आठ पावलांवर दम तुटला, मी स्वतः ऐकला!"

"काही तुटला नाही!" प्रेमिला चष्मा काढून पुढे आली. "तुमचाच दम ऐकला असेल तुम्ही!"

"काय तुटलं?" नत्थूजींनी मला विचारलं.

"मी खेळलेला माणूस आहे, मला शिकवू नका! पंच कोण आहे? पंचाला विचारा!"

सगळे इंदूबाईकडे वळले. प्रेमिलानं तिच्याकडे पाहून मान हलवली, रुखमानं हात जोडल्यासारखं केलं. इंदूबाईनं वहिनीकडे पाहिलं, मग शिट्टीकडे.

"तुटला," ती म्हणाली. "वहिनी, मी ऐकला. आठ नाही, दहा पावलांवर."

रुखमानं कपाळावर हात मारला. मी रजिस्टरात काय लिहावं ते मला कळेना. आणि जयवंताबाई? पंचाचा निकाल लागल्यावर गडी जे करतो ते त्यांनी केलं. रेषेबाहेर गेल्या आणि जमिनीवर बसल्या.

बसल्यावर आम्हाला सगळ्यांना एकाच वेळी आठवलं. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली होती. चार महिन्यांत बाई जमिनीवर बसल्या नव्हत्या, म्हणून जमिनीवरून आपल्या आपण उठल्याही नव्हत्या. त्यांनाही ते आत्ताच आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा प्लॅस्टरसारखा पांढरा झाला. इंदूबाई हात द्यायला एक पाऊल पुढे आली.

"हात नाही लावाचा," जयवंताबाई म्हणाल्या. "लिहून दिलं आहे."

गोपाळराव सोगा खोचत उभे होते. जिंकलेल्या माणसाला जरा वेळानं समोर काय आहे ते दिसतं, तसं त्यांना दिसायला लागलं होतं. "अहो बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही चाललात ना. झालं की. उठा आता."

"अशी कशी उठू? बाद आहो मी."

हे कमिटीपुढे अडून बसणं नव्हतं. तसा नियमच होता, आणि गोपाळरावांइतका तो कोणालाच ठाऊक नव्हता.

"सरका," रुखमाबाई म्हणाली. टोपली प्रेमिलाच्या हातात दिली, काष्ट्याला एक हिसका दिला आणि रेषा ओलांडली. "कबड्डी कबड्डी" असा आवाज काढला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. गोपाळराव हात पसरून आडवे झाले. पन्नाशीची बाई त्यांच्या डाव्या बगलेखालून गेली, थेट टेबलापाशी पोचली, आणि जागेवरून न हललेल्या नत्थूजींच्या टकलावर टप्पदिशी हात ठेवून एका दमात परत आली.

इंदूबाईनं शिट्टी मारली. "दम साबूत. म्हातारबा बाद."

"कोण? मी?" नत्थूजी म्हणाले. "मी काय केलं?"

आता सगळे बाईंकडे पाहत होते. गोपाळराव रेषेपाशी उकिडवे बसले, बाईंच्या बरोबर समोर, आणि पोराला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, उठा. जिवंत झाल्या तुम्ही. उठा म्हणतो ना."

जयवंताबाईंनी डावा पाय पोटाशी घेतला. दोन्ही तळवे मातीत रोवले. उजवा पाय जरा लांबवला, ओठ दाबले, आणि एकदा वर येऊन पुन्हा खाली बसल्या. खिडक्यांतून एक पोरगी हुंदका देऊन गप्प झाली. दुसऱ्यांदा बाईंनी दम भरला, मोठ्यानं "कबड्डी" म्हटलं, आणि त्या शब्दावर उठल्या. उभ्या राहून तळव्याची माती झटकली, ती गोपाळरावांच्या डोक्यावर पडली.

गोपाळराव मात्र उठू शकले नाहीत. त्यांना मी आणि वामनराव दोघांनी धरून उठवलं. वामनराव कुठून आले होते कोण जाणे, अर्धी रजा टाकून आले होते, आणि उठवताना त्यांना धाप लागली नाही.

इतिवृत्तात मी लिहिलं: "व्यायामशिक्षिका श्रीमती काळमेघ पूर्ववत मैदानावर राहतील. ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली शोधावी." सेक्रेटरींनी सही करण्यापूर्वी माझ्या हातून लेखणी घेतली आणि वर आणखी एक ओळ घातली: "दम तुटला होता, याची नोंद असावी."

जानेवारीत आमच्या पोरी जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत एकतीस-चौदानं हरल्या. परतीच्या बसमध्ये निम्म्या रडत होत्या. बाईंनी त्यांना रडू दिलं आणि बर्डीला उतरताना उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर या म्हणून सांगितलं. तिथून देवाजीच्या रिक्षातून आम्ही दोघं प्रताप नगरात आलो. गल्लीच्या तोंडाशी देवाजी मान वळवून म्हणाला, "बाई, ब्रेक मारू का?"

"खबरदार," बाई म्हणाल्या, आणि उतरल्या. डाव्या पायावर. रिक्षा आपली मला घेऊन चार हात पुढे गेली.